हत्यार कोणाच्या हाताचे?



‘डावे’ हा शब्द आपल्या बैठकांतून दिवसाकाठी वीस वेळा तरी उच्चारला जातो. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाचे पाठीराखे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि राजसत्तेला लगाम घालू पाहणारे डाव्या हाताला. त्या बैठकव्यवस्थेतून हा शब्द राजकारणात आला आणि आपण तो अभिमानाने मिरवीत आलो. आज मात्र मी त्या डाव्यांविषयी बोलणार नाही. ज्यांचा प्रत्यक्ष हातच डावा चालतो, जे डाव्या हाताने कापतात, तोडतात, शिवतात, लिहितात, आणि ज्यांच्या वाट्याला आयुष्यभर उजव्या हातासाठी घडवलेली हत्यारे येतात, त्या माणसांविषयी बोलणार आहे.

विषय ऐकून काही साथींच्या मनात प्रश्न उभा राहिला असेल. या दोन जिल्ह्यांत वनहक्कांचे दावे लोंबकळत आहेत, सुरजागडच्या खनिजाचा प्रश्न आहे, चंद्रपूरच्या धुळीचा आणि धुराचा प्रश्न आहे, तेंदूच्या मजुरीचा तर आहेच. अशा वेळी हे डावखुऱ्यांचे पुराण कशासाठी? प्रश्न रास्त आहे. डावखुऱ्या माणसाचे दुःख भूमिहीनाच्या दुःखाएवढे आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु हत्यार कोणाच्या हाताला बेतून घडवायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न समाजवादाच्या गाभ्याचा आहे. उत्पादनसाधनांची मालकी कोणाची, हे आपण नेहमी विचारतो. त्या साधनांचा आकार कोण ठरवतो, हे मात्र क्वचितच विचारतो. मालकी बदलली आणि आकार तोच राहिला, तर कामगाराच्या मनगटाला त्या बदलाचा पत्ताही लागत नाही.

प्रथम संख्येचा विचार करू. २०२० साली जगभरच्या अनेक पाहण्या एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे चोवीस लाख माणसांच्या नोंदी त्यात होत्या आणि डावखुऱ्यांचे प्रमाण शेकडा साडेदहाच्या आसपास भरले. म्हणजे ढोबळ मानाने दहांत एक. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या बावीस लाखांवर आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आसपास होती. जगाचे प्रमाण इथे लावले तर या दोन जिल्ह्यांत तीन लाखांहून अधिक माणसे डाव्या हाताची असली पाहिजेत. त्याच जनगणनेत चंद्रपूर शहराची वस्ती तीन लाख वीस हजार होती. अख्ख्या चंद्रपूर शहराएवढी माणसे, आणि तरी गावोगाव विचारले तर उत्तर येते, “आमच्या गावात एखादाच असेल.” उरलेले कुठे गेले, या प्रश्नाकडे मी नंतर येतो.

आता या मुलखातील हत्यारांकडे पाहू. येथील आदिवासींची सर्वांत जुनी हत्यारे पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. कुऱ्हाडीच्या पात्याला दोन्ही अंगांनी सारखीच धार असते. ती डाव्या खांद्यावरून आली काय आणि उजव्या खांद्यावरून आली काय, लाकडाला फरक पडत नाही. धनुष्य कोणत्याही हातात धरता येते. दोघांनी ओढायच्या आऱ्याला तर डावे-उजवे असे काही नाहीच. दोन टोकांना दोन माणसे असतात आणि दोघांचे बळ सारखेच मोलाचे असते. एवढेच नव्हे, तर एकाच खोडावर दोघे समोरासमोर घाव घालू लागले आणि त्यांतला एक डावखुरा असला, तर दोघांनाही एकाच बाजूला सोयीने उभे राहता येते. हत्यार निःपक्षपाती असले की हाताचे वेगळेपण वैगुण्य राहत नाही, ते बळ ठरते.

धानाच्या बांधीत उतरले की गोष्ट बदलते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूलपासून वैनगंगेपलीकडे आरमोरी, गडचिरोलीपर्यंतचा हा सारा पट्टा धानाचा. कापणीचा विळा हे येथील बाईच्या हातातले मुख्य हत्यार. दात्यांच्या विळ्याचे दाते बहुधा पात्याच्या एकाच अंगाने कानसलेले असतात आणि दुसरे अंग सपाट असते. उजव्या हाताने विळा ओढताना ते अंग जिथे हवे तिथे येते. तोच विळा डाव्या हातात घेतला की त्याची वाक उलटवावी लागते आणि खालचे अंग वर येते. दाते धांड्यात रुतण्याऐवजी पाते सरकते. सरकणारे पाते कुठे जाते? ज्या हाताने धानाची मूठ धरलेली असते, त्या हाताच्या बोटांकडे.

पण गावात लोहार असेल तर यावर उपाय आहे, आणि तो बिनखर्चाचा आहे. लोहाराला नुसते सांगायचे की दाते दुसऱ्या अंगाने पाड. लोखंड तेच, कोळसा तोच, घणाचे घाव तेवढेच. फरक कानस कोणत्या बाजूने चालवायची एवढाच. हत्यार घडवणारा आणि हत्यार वापरणारी ही दोघे एकमेकांना ओळखत असली की डावखुऱ्या बाईला तिच्या हाताचा विळा मिळू शकतो. त्यासाठी ना संशोधन लागते, ना सरकारी ठराव. सुधारित विळे मात्र असे घडत नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा किंवा भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा ‘नवीन’ विळा यांनी कापणीचे श्रम हलके केले, हे निःसंशय. परंतु साच्यातून निघालेल्या मालाला लोहारासारखा कान नसतो. “बाई, तुझा हात कोणता?” असे साचा विचारीत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गावगाड्याचे गोडवे गाणारा मी नव्हे. त्या गावगाड्याने लोहाराला बलुत्यावर राबवले, महारा-मांगांना वेशीबाहेर ठेवले, आणि डाव्या हातालाही त्याने सोडले नाही. आपली भाषाच पाहा. ‘डावलणे’ म्हणजे वगळणे, अपमान करणे. ‘डावे-उजवे करणे’ म्हणजे पक्षपात करणे. आणि बाईची कूस ‘उजवली’ की घरात आनंदीआनंद. डाव्या हाताने पैसे देऊ नयेत, प्रसाद घेऊ नये, पानात वाढू नये. ज्या मुलीला विळीवर भाजी चिरताना डाव्या हाताने अडत नाही, तिलाच पंगतीत वाढताना त्याच हातासाठी बोलणी खावी लागतात. विळी तिला अडवीत नाही, माणसे अडवतात.

या निषेधामागचे तर्कशास्त्र नीट तपासले पाहिजे. डावा हात अपवित्र का? तर शौचाची स्वच्छता त्याच्याकडे दिलेली म्हणून. म्हणजे घाण साफ करण्याचे काम आधी एका हातावर लादायचे आणि मग त्या कामामुळेच त्याला घाणेरडा ठरवायचे. साथींनो, हे तर्कशास्त्र आपल्या ओळखीचे आहे. ज्यांनी गाव स्वच्छ ठेवले त्यांनाच गावाने अस्पृश्य ठरवले, ते याच न्यायाने. वर्णव्यवस्थेने माणसामाणसांत भेद केला इतकेच नव्हे, तर एकाच माणसाच्या दोन हातांतही स्पृश्य आणि अस्पृश्य निर्माण केले. दक्षिणेकडे तर जातींचीच ‘उजव्या हाताच्या’ आणि ‘डाव्या हाताच्या’ अशी विभागणी शतकानुशतके होती. लोहार-सोनारांसारखे पांचाळ कारागीर आणि चामड्याचे काम करणारे लोक डाव्या हाताच्या गटात गणले गेले. कर्नाटकातील दलितांत ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द आजही चालतात, आणि आरक्षणाच्या अंतर्गत वाटपाच्या वादात ते ऐकू येतात.

आणि ‘सरळ’ दिशा तरी कोणती? गोंड समाजात लग्नाचे फेरे उजवीकडून डावीकडे घेण्याची रीत आहे. शेजारच्या छत्तीसगडात अनेक गोंड घरांच्या भिंतीवर उजवीकडून डावीकडे काटे फिरणारे घड्याळ असते. वेल अशीच चढते, शेतात नांगर असाच फिरतो, मग घड्याळ उलटे का मानायचे, असे ते लोक विचारतात. आपण त्या घड्याळाला ‘उलटे’ म्हणतो, कारण पहिले घड्याळ कोणी बनवले ते आपण विसरलेलो असतो. वेळ मात्र ते घड्याळही अचूक दाखवते.

रूढीची ही पकड ढिली होत असतानाच कारखान्यात घडलेली हत्यारे खेड्यांत आली, आणि रूढीने जे शिव्या देऊन केले ते त्यांनी काही न बोलता केले. साधी कात्री घ्या. उजव्या हाताने दाबताना आपला अंगठा आणि बोटे नकळत दोन्ही पाती एकमेकांवर घट्ट दाबतात, आणि म्हणून कापड कापले जाते. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पात्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. कापड कापले जाण्याऐवजी पात्यांत अडकून दुमडते, आणि कापायची रेघही पात्याआड जाते. शिलाईयंत्राचे चाक उजवीकडे, सुई डावीकडे. बचतगटाच्या बाईला कर्ज काढून यंत्र मिळते. पण ते यंत्र ज्याने आखले त्याच्या डोळ्यांसमोर तिचा हात नव्हता.

जंगलतोडीत वापरली जाणारी पेट्रोलवरची साखळी-करवत तर याहून कठोर आहे. तिचा वेग वाढवण्याची कळ मागच्या मुठीवर असते, ती उजव्या हातासाठी. पुढची मूठ डाव्या हातासाठी. पाते यंत्राच्या उजव्या अंगाला बसवलेले असते, म्हणजे करवत उसळून मागे आली तर ती चालवणाऱ्याचे डोके आणि छाती तिच्या वाटेत येऊ नये. डावखुऱ्या माणसाने ती आपल्या सवयीने, हात बदलून धरली, तर त्याचे शरीर नेमके त्या वाटेत येते. म्हणून त्यानेही ती उजव्या पद्धतीनेच धरावी, असा दंडक आहे, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. परंतु याचा अर्थ असा की कुऱ्हाडीपाशी जो माणूस कोणापेक्षाही कमी नव्हता, तो या यंत्रापाशी येताच आपल्या दुबळ्या हाताने सर्वांत धोक्याचे काम करू लागतो. त्याला शिकायला अधिक दिवस लागतात. ते दिवस त्याला कोण देतो?

येथे आपण मुख्य मुद्द्यापाशी येतो. हत्यार जुळत नाही, याची किंमत कोणीतरी मोजतच असते. ती कोण मोजतो? या जिल्ह्यांतील बहुतेक कामे नगावर किंवा उक्ती चालतात. तेंदूच्या हंगामात सत्तर पानांचा एक पुडा, आणि मजुरी पुड्यांच्या शेकड्यावर. बांबूची तोड नगावर आणि बंडलावर. धानाची कापणी कित्येक ठिकाणी एकराच्या हिशेबाने. तेंदूची पाने खुडायला हत्यार लागत नाही. तेथे डावखुरी बाई कोणाच्याही बरोबरीने पुडे बांधते. पण तिच्या हातात न जुळणारा विळा दिला आणि इतर बाया पाच पेंढ्या कापतात तेवढ्या वेळात तिच्या चारच झाल्या, असे समजू. ठेकेदार म्हणेल, “मी भेदभाव कुठे केला? दर तर सर्वांना सारखाच!” दर सारखाच आहे, हे खरे. पण पाचव्या पेंढीची मजुरी त्या विळ्याने खाल्ली, आणि विळा तिने निवडलेला नव्हता. हत्यार बनवणाऱ्याने साचा एकच ठेवून पैसा वाचवला. वाचलेला पैसा त्याच्या खिशात, आणि त्याचा भुर्दंड या बाईच्या पदरात. उक्त्या मजुरीत हत्याराचा दोष मजुराचा आळस म्हणून खपवला जातो, आणि तो मजूर स्वतःही तसेच मानू लागतो. शोषणाचा हा प्रकार हजेरीपटावर कधीच दिसत नाही.

अपघातांचेही तसेच. १९८९ साली स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. डाव्या हाताच्या विद्यार्थ्यांना दुखापती अधिक होतात, आणि हत्यारे वापरताना होणाऱ्या दुखापतीही अधिक असतात, असे तीत आढळले. हा निष्कर्ष समजण्यासारखा आहे. पण पुढे १९९१ साली त्याच कोरेन यांनी एका सहकारी बाईंसह असे मांडले की डावखुरी माणसे सरासरीने नऊ वर्षे लवकर मरतात. वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. नंतरच्या अभ्यासकांनी त्यातली चूक दाखवली. म्हाताऱ्या माणसांत डावखुरे कमी दिसतात ते मेले म्हणून नव्हे, तर त्यांच्या लहानपणी त्यांना मारून मुटकून उजवे केले गेले म्हणून. ज्यांची गणती ‘मेलेल्यांत’ झाली होती ते उजव्या हाताने जगत होते.

आमच्या गावात एखादाच असेल, या उत्तराचा उलगडा येथे होतो. आपल्या जिल्ह्यांतील ते तीन लाख कुठेही गेलेले नाहीत. ते शाळेत छडी खाऊन, पंगतीत टोमणे ऐकून आणि कामावर न जुळणारे हत्यार हाताळून उजवे झालेले आहेत. बाजारातला दुकानदार म्हणतो, डाव्या हाताच्या कात्रीला गिऱ्हाईकच नाही. गिऱ्हाईक कुठून असणार? आधी माणसाला नाहीसे करायचे आणि मग त्याला मागणी नाही म्हणायचे, हा बाजाराचा जुनाच न्याय आहे. आदिवासीची भाषा शाळेतून घालवायची आणि मग तिची पुस्तके खपत नाहीत म्हणायचे, तद्वतच हे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, हेही पाहू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयव गमावल्यावर कमावण्याची शक्ती शेकडा किती गेली, याचे कोष्टक होते. अंगठा गेला तर तीस, तर्जनी मुळापासून गेली तर चौदा, मधले बोट गेले तर बारा. आणि त्या बोटांच्या शीर्षकात ‘उजव्या अथवा डाव्या हाताची’ असे स्पष्ट म्हटलेले होते. त्या कोष्टकाने डाव्या हाताच्या बोटांना कमी लेखले नाही, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु कोणत्या हाताने तू पोट भरीत होतास, हेही त्याने विचारले नाही. दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. मळणीयंत्रांत हात जाऊन शेतमजूर थोटे होऊ लागले, तेव्हा पूर्वी सर्व जण मजुरालाच दोष देत; तो बेसावध होता, तो दमला होता, तो प्यायला होता, असे म्हणत. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला आणि यंत्र सुरक्षित बनवण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्यावर टाकली. हात यंत्रात गेला तर आधी यंत्राची तपासणी करा, हे तत्त्व या देशाच्या कायद्याने मान्य केले त्याला चार दशके उलटली. डावखुऱ्यांसाठी आपण मागतो ते याहून वेगळे काही नाही.

सरकारदरबारी डाव्या हाताला मान मिळतो असे एक ठिकाण आहे: अंगठा. सही करायची ती उजव्या हाताने. पण निरक्षर पुरुषाचा ठसा घ्यायचा तो प्रथेप्रमाणे डाव्या अंगठ्याचा. कारण असे सांगतात की उजवा अंगठा कामाने झिजतो, डाव्याच्या रेषा शाबूत राहतात. म्हणजे हा नियम करणाऱ्यानेही गृहीत धरले की राबणारा प्रत्येक माणूस उजव्या हाताचा. डाव्या हाताने कुऱ्हाड चालवणाऱ्याचा डावा अंगठाच आधी झिजलेला असतो. कागदावरच्या ठशाच्या काळात हे खपून गेले. पुसट ठसाही खत पक्के करायला आणि जमीन गहाण पडायला पुरेसा होता. आता रेशनच्या दुकानात बोट यंत्रावर टेकवावे लागते, आणि झिजलेले बोट ते यंत्र ओळखत नाही. ज्या श्रमाने बोट झिजले त्याच श्रमाचा पुरावा म्हणून ते बोट ग्राह्य धरले पाहिजे. येथे मात्र त्यामुळेच धान्य अडते.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या हाताला बेतून हत्यार देणे व्यवहारात शक्य आहे काय? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. ज्यांची बोटे झडली होती, वाकली होती, ज्यांच्या तळव्यांना स्पर्शही कळत नव्हता, अशा माणसांनी तेथे विहिरी खणल्या, शेती पिकवली, माग चालवले. कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनात जगभर एक साधा नियम पाळला जातो: हाताला वेदना कळत नाही, म्हणून मुठीचा कडक दांडा त्याला नकळत जखमी करतो, तेव्हा दांडा जाड करा, त्यावर मऊ वेष्टन घाला, पकड बदला. हत्याराने हाताकडे जावे, हाताने हत्याराकडे नव्हे. समाजाने टाकून दिलेल्या हातांसाठी जे होऊ शकते, ते धडधाकट डाव्या हातासाठी होऊ नये, याला काय कारण?

आपल्या विचारपरंपरेतही याला आधार आहे. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’ बोटीवर लिहिले. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत, आणि हस्तलिखिताच्या पावणेतीनशे पानांपैकी चाळीस पाने डाव्या हाताची आहेत. थकलेल्या हाताला दुसऱ्याने विसावा द्यावा, हे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. डॉ. लोहिया लहान यंत्रांचा आग्रह धरीत, तो केवळ बेकारीच्या भीतीने नव्हे. यंत्र खेड्यातील माणसाच्या आवाक्यात राहावे, ही दृष्टी त्यामागे होती. आणि राबणाऱ्याला स्वतःच्या कामाचे ज्ञान किती असते, याची साक्ष नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी दिली. शालेय शिक्षण जेमतेम, जमीन तुटपुंजी. पण धानाच्या लोंबीतला बारीक फरक हेरून त्यांनी ‘एचएमटी’ वाण निवडले आणि ते दूरदूर पसरले. धान कोणते चांगले हे ज्याला कळते, त्याला विळा कोणता चांगला हे कळणार नाही काय? त्याला कोणी विचारीत नाही, एवढेच.

तेव्हा विचारायला सुरुवात आपण करावी. काही गोष्टी पैसा न लागता उद्यापासून होऊ शकतात.

पहिली गोष्ट शाळेची. देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. डाव्या हाताचे मूल आपलेच अक्षर हाताने झाकते आणि पुसते. त्याला थोडा कागद तिरपा धरायला शिकवले की भागते. छडीची गरज नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली आहे. आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत डाव्या हाताने लिहिले म्हणून मुलाला मार बसत असेल, तर तो कायद्याचा भंग आहे, हे पालकसभेत सांगणे आपले काम आहे. टोपल्या विणणे किंवा शिवण शिकवणाऱ्या बाईलाही एक गोष्ट सांगावी. डावखुऱ्या मुलीला शेजारी न बसवता समोर बसवा. आरशात दिसावे तसे सर्व तिला आपोआप उमगते.

दुसरी गोष्ट सरकारी हत्यारांची. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. लोहार, शिंपी, टोपल्या विणणारे हे सर्व त्यात येतात. त्या अर्जावर जात, आधार, बँकखाते असे सर्व विचारले जाते. हात कोणता, हेही विचारले जावे. डावखुऱ्या शिंप्याला उजवी कात्री देणे म्हणजे मदत देऊन ती निरुपयोगी करणे होय.

तिसरी गोष्ट ग्रामसभांची, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकारही मिळवला. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. कित्येक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. म्हणजे जंगल त्यांचे, माल त्यांचा, हिशेब त्यांचा. मग हत्यारही त्यांचेच का असू नये? ग्रामसभेने हंगामापूर्वी गावातील मजुरांची यादी करताना प्रत्येकाला हात विचारावा. जे डावखुरे निघतील त्यांचे विळे गावच्या किंवा बाजारगावच्या लोहाराकडून दुसऱ्या अंगाने दाते पाडून घ्यावेत, आणि तो खर्च निधीतून करावा. ज्या यंत्राला डावी बाजू करताच येत नाही, त्या यंत्रावर डावखुऱ्या माणसाला शिकण्याचे अधिक दिवस पगारी द्यावेत.

चौथी गोष्ट संघटनेची. खाणीत, कागदगिरणीत, लाकूडगिरणीत कोठेही अपघात झाला की चौकशीत आपल्या प्रतिनिधीने एक प्रश्न आवर्जून विचारावा: हा माणूस कोणत्या हाताचा, आणि यंत्र कोणत्या हाताचे? या प्रश्नाने प्रत्येक वेळी काही निघेलच असे नाही. पण तो विचारला जाऊ लागला की ‘बेसावध मजूर’ हे तयार उत्तर मालकाला सहजासहजी देता येणार नाही.

साथींनो, बहुसंख्याकांच्या सोयीने जग चालते आणि अल्पसंख्याकाने जुळवून घ्यावे, हे तत्त्व आज देशात मोठ्या आवाजात सांगितले जात आहे. दहांतला एक हात हा अगदी लहान अल्पसंख्याक. त्याला ना पक्ष, ना जात, ना मतपेढी. तो हिंदूच्या घरी जन्मतो, मुसलमानाच्या घरी जन्मतो, गोंडाच्या आणि माडियाच्या घरीही जन्मतो. त्याची बाजू घेऊन मते मिळणार नाहीत. म्हणूनच तिच्यात आपली कसोटी आहे. ज्या अन्यायाविरुद्ध मोर्चा निघू शकत नाही, तो अन्याय आपल्याला दिसतो की नाही, यावरून आपला समाजवाद किती खोल रुजला आहे ते ठरेल.

पुढच्या महिन्यात आपल्यापैकी बरेच जण ग्रामसभांच्या बैठकांना जातील. तेथे जमिनीचा, मजुरीचा, बोनसचा प्रश्न अवश्य घ्या. आणि बैठक संपण्यापूर्वी एकदा विचारा, आपल्यात डाव्या हाताचे कोण कोण आहेत? पहिल्यांदा कोणी हात वर करणार नाही. थोडे थांबा, पुन्हा विचारा. मग जे हात वर येतील ते मोजा आणि वहीत नोंदवून आणा.